पाठीवर खिसे असलेला सदरा

चुका होतील. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे हे मला शाळेतही कळत नव्हतं आणि चौथीनंतर कुणी सांगितलंही नाही. अक्षर तर असं की आज लिहिलेलं उद्या मलाच लागत नाही. हे कुणाला दाखवायचं नाही, म्हणून माफी मागायची ती या वहीचीच. वही नातीची आहे. अर्धी कोरी असताना तिने टाकून दिली होती.

मागच्या शुक्रवारी इथे शारजात आमच्या बिल्डिंगखालून सायकलींची शर्यत गेली. रस्ता बंद केला होता. मी खिडकीशी उभी राहिले तर नात म्हणाली, "दादी, कम इनसाइड, इट्स सो हॉट." तेवढ्यात ते आले, रंगीत माशांचा थवा पाण्यातून जातो तसे सगळे एकदम. पुढे गेल्यावर त्यांच्या पाठी दिसल्या. प्रत्येकाच्या पाठीवर, कमरेच्या वर, तीन खिसे.

"असा सदरा मी शिवलाय," मी म्हटलं.

"यू? नो वे, दादी!"

मग ती फोन बघायला लागली. मी सांगितलं नाही. सांगण्यासारखं मला बोलून कधी जमलं नाही, म्हणून लिहिते.

लग्नानंतर मी दापोलीकडच्या गावातून दुबईला आले तेव्हा हा आजचा देश वगैरे काही झालेला नव्हता. दुबईच्या खाडीच्या या बाजूला, देऱ्यात, आमच्या ह्यांचं सायकलींचं दुकान होतं. सायकल भाड्याने द्यायची, पंक्चर काढायचं, मोडकी दुरुस्त करायची. दुकानामागे झावळ्यांची एक खोली, तेच आमचं घर. मध्ये जाड पडदा. मी बाहेर येत नसे. गिऱ्हाईक असलं की चहाचा पेला पडद्याच्या कडेने बाहेर धरायचा, हे तो घ्यायचे. माझी ओळख बाहेरच्या माणसांना तेवढीच, एक हात आणि हातातल्या पाटल्या.

आर्वोला मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. उंच, मान पुढे झुकलेली, नाक सोललेलं. चाळिशीचा असेल. खाडीतला गाळ काढायला एक मोठं जहाज आलं होतं, त्यावर तो मशीन बघायचा. माणूस फिनलंडचा. फिनलंड कुठे हे आम्हाला माहीत नव्हतं. हे म्हणाले, विलायतेच्याही वर, जिथे समुद्र गोठतो. शेजारच्या झुलेखाआपा म्हणाल्या, "गोठलेल्या समुद्रातला मासा मग कापायचा की फोडायचा?"

तो आला होता सायकलच्या तारा घ्यायला. ह्यांनी तारा दिल्या तर तो तिथेच खाली मांडी घालून बसला आणि चाक बसवायला लागला. एकेक तार बोटाने छेडायचा, कान लावायचा, किल्लीने पीळ द्यायचा. हे शेजारी जाऊन बसले. ह्यांचा हातही तसाच होता. दोघं दुपारभर बोलले नाहीत. मी तीनदा चहा दिला. जाताना तो पडद्याकडे वळून मान वाकवून म्हणाला, "शुक्रिया, बहन." जहाजावरच्या आपल्या माणसांकडून तो हिंदी शिकला होता आणि ती वाटेल तशी चालवायचा.

त्यानंतर दर शुक्रवारी यायला लागला. चहात दूध नको, साखर नको. खजूर मात्र मूठभर. खजूर खाऊन बिया खिशात टाकायचा, जमिनीवर कधी नाही. उभा राहायचा नाही. आला की बसायचा, आणि जागा असली की आडवा व्हायचा. "पाय बँक है, इब्राहिम," ह्यांना म्हणायचा. "खाली फोकट खर्चा नहीं."

पायांची तर गंमतच. पहिल्यांदा अर्धी चड्डी घालून आला त्या दिवशी हे आत येऊन हळूच म्हणाले, "खैरू, गोऱ्याच्या पायाला एक केस नाही. वस्तरा फिरवलाय." मी झुलेखाआपांना सांगितलं. त्या पडद्याला डोळा लावून बघून आल्या आणि तोंडात पदर कोंबून हसल्या. "अगो, मेंदी लावायची तेवढी राहिलीय!" हसू बाहेर ऐकू गेलं असणार, कारण आर्वोने ह्यांना कारण सांगितलं आणि आवाज पडद्याला पोचेल असा चढवला. सायकलवरून पडलं की पाय खरवडतात, केस असले तर जखम सडते. आणि रोज मालिश करावी लागते. "पुराना धंधा, पुराना आदत. शर्यत खलास, आदत नहीं खलास."

तेव्हा कळलं की तो पगारी सायकलस्वार होता. आमचा विश्वास बसेना. सायकल चालवायचे पैसे कोण देतं? हे म्हणाले, "मग आमच्या पाववाल्याला पण पेन्शन पाहिजे." आर्वो हसला नाही. त्याला अशा गोष्टी समजावून सांगायला आवडत.

त्याच्या देशात सायकलवर पोट भरत नव्हतं, म्हणून विशी संपायच्या आत तो बेल्जियमला गेला. तिथे एका टोळीत लागला. टोळीचा एक मालक, म्हणजे पुढारी, जिंकायचं ते त्यानेच. बाकीचे त्याचे नोकर. आर्वो नोकर. मालकाला तहान लागली की मागे जाऊन पाण्याच्या बाटल्या आणायच्या, त्या ठेवायला पाठीवर खिसे. वारा असला की मालकाच्या पुढे राहायचं आणि वारा आपल्या छातीवर घ्यायचा. एकदा मालकाचं चाक फुटलं तर आर्वोने स्वतःचं काढून दिलं आणि पावसात रस्त्याच्या कडेला एकचाकी सायकल धरून उभा राहिला. लोक जात होते आणि त्याच्याकडे बघून हसत होते.

"तुला राग नाही आला?" ह्यांनी विचारलं.

"राग क्यों? पगार आया."

वाऱ्याविषयी तो फार बोलायचा. "हवा सबसे बड़ा सेठ है. उसका सामने कोई नहीं जीतता. किसी का पीठ पकड़ो, उसका पीछे बैठो. हवा वो खाएगा." कुठेही जाताना तो कुणाच्या तरी मागे चालायचा, बाजारातसुद्धा. हमालाच्या पाठीवर पोतं असलं तर त्या पोत्याच्या आडोशाने. ह्यांना त्याचं फार हसू यायचं.

उन्हाळ्यात आम्ही पाण्यातून काढलेल्या माशांसारखे पडून असायचो, तर हा मजेत. सांगायचा, आमच्या गावात घराबाहेर लाकडाची एक खोली असते, तिच्यात चूल पेटवून आम्ही मुद्दाम असेच घाम काढत बसतो.

"मग तुझी चंगळ आहे," हे म्हणाले. "अख्खी दुबई तुझी न्हाणी."

हे त्याला इतकं आवडलं की तो येईल त्याला सांगायचा, "इब्राहिम बोला, दुबई मेरा बाथरूम!"

आणखी एक गोष्ट त्याने सांगितली होती. ती मी जशी ऐकली तशी लिहिते. एका शर्यतीत शेवटी दोघंच पुढे राहिले, आर्वो आणि ज्या गावात शर्यत संपत होती तिथलाच एक. त्या दिवशी आर्वोच्या पायात जोर होता. मालक मागे राहिला होता, जिंकायला कुणाची मनाई नव्हती. त्या दुसऱ्याने चालत्या सायकलीवरच विचारलं, कितीला देतोस? आर्वोने आकडा सांगितला. त्याने मान हलवली. आर्वो चाकभर मागे राहिला.

"मैं रेस बेचा," तो म्हणाला. "उस पैसे से माँ का वास्ते गाय लिया. बहुत अच्छा गाय."

"शर्यत विकली? तांदूळ विकतात तशी?"

"सब बेचता है, इब्राहिम. कभी मैं बेचता, कभी वो बेचता. धंधा है. रेस तो अगला हफ्ता फिर है."

हे हसले. मी पडद्यामागे होते, मांडीवर थोरला. मला विचारावंसं वाटत होतं की गाय कुठल्या रंगाची. लाज वाटली. मला ती गाईची गोष्ट वाटली होती.

मग ती शर्यत ठरली. गावातल्या एका मोठ्या अरब शेठने विलायतेहून सायकली आणायचं ठरवलं होतं. त्याने दुकानदारांना बोलावून सांगितलं की देऱ्याहून उम्म अल कुवैनपर्यंत शर्यत लावतो, प्रत्येक दुकानाने आपला एक माणूस उतरवावा. ज्याचा माणूस पहिला येईल त्याला इनाम, आणि माझ्या सायकली या गावात तोच दुकानदार विकेल, दुसरा कुणी नाही. अशी मोठी दुकानं दोनच होती, आमचं आणि खाडीपलीकडच्या हाशिमचं. ज्याला एजन्सी नाही त्याने पंक्चर काढत बसायचं, हे न सांगता सगळ्यांना कळलं.

हे घरी आले ते धापा टाकत. "खैरू, आपल्याकडे आर्वो आहे!"

आर्वो लगेच तयार झाला. इनाम अर्धं-अर्धं, एजन्सी तुझी, असं त्याने स्वतःच म्हटलं. दोघांनी हातावर हात मारला. मग तयारी. मुंबईहून बोटीने हलकी चाकं आणि पातळ टायर मागवायचे होते. पैसे नव्हते. माझ्या पाटल्या आईने दिलेल्या होत्या. ह्यांनी मागितल्या नाहीत. मी चूल फुंकत होते तेव्हा नुसते माझ्या हाताकडे बघत राहिले. मी काढून दिल्या. ह्यांनी त्या सोनाराला विकल्या.

पुढच्या शुक्रवारी मी चहाचा पेला बाहेर धरला. आर्वो बोलता बोलता थांबला.

"आज चाय चुपचाप आया," तो म्हणाला.

ह्यांनी काही सांगितलं नाही. पण त्याला कळलं. तो पेला दोन्ही हातांनी धरून बसला आणि त्या दिवशी खजूर खाल्ले नाहीत.

सदरा मी शिवला. त्याने कागदावर काढून दिलं होतं, पाठीवर तीन खिसे, तोंडाला रबर, म्हणजे वाकल्यावर वस्तू पडत नाहीत. कापड पांढरं घेतलं. छातीवर दुकानाचं नाव पाहिजे होतं. ह्यांनी खडूने अरबीत लिहून दिलं, मी निळ्या दोऱ्याने भरलं. मराठीत मी चुकते, पण कुराण शिकलेली असल्यामुळे ती अक्षरं माझी कधी चुकली नाहीत. आर्वोने सदरा घातला, पाठीमागे हात घालून तिन्ही खिसे चाचपले आणि पडद्याकडे बघून म्हणाला, "बेल्जियम में ऐसा नहीं मिला, बहन."

रस्ता म्हणून काही नव्हता. ओहोटी लागली की समुद्रकाठची ओली वाळू घट्ट होते, तिच्यावरून लॉऱ्या जायच्या. शर्यत तिथूनच, ओहोटी बघून. माणसं लॉरीत बसून मागोमाग निघाली. हे गेले. मी सांदणं करायला घेतली. नारळ महाग होता तरी आणला होता. झुलेखाआपा येऊन बसल्या. "आज जास्त उकड," म्हणाल्या, "जिंकलेल्याचं घर, अख्खा देरा येईल."

दुपार कलली, असरची बांग झाली आणि हे आले. एकटेच. चपला न काढता आत येऊन बसले. ह्यांनी असं कधी केलं नव्हतं.

"आला पहिला?"

"दुसरा."

"पडला का?"

"नाही."

"मग?"

ह्यांनी आता चपला काढल्या. "थांबला," म्हणाले.

मग सांगितलं. अजमानच्या पुढे सगळे मागे पडले होते. पुढे दोघंच, आर्वो आणि हाशिमचा बलुची पोरगा, खुदाबक्ष. पोरगा दमला होता, मान हलत होती. आर्वो त्याच्या मागे आरामात बसला होता. उम्म अल कुवैनचा बुरूज दिसायला लागला, तसा आर्वो पुढे होऊन पोराच्या बरोबरीने आला. काहीतरी बोलला. मग त्याने मागे वळून लॉरीकडे पाहिलं. लॉरीवर ह्यांच्या शेजारीच हाशिम उभा होता. आर्वोने बोटं वर केली. हाशिमने मान हलवली.

"मला वाटलं मला खूण करतोय," हे म्हणाले. "मी लॉरीतून हात हलवला. 'यल्ला, आर्वो, यल्ला!' ओरडलो."

शेवटपर्यंत तो चाकभर मागे राहिला.

सांदणं मी झाकून ठेवली. ती कुणी खाल्ली नाहीत. झुलेखाआपांनी चुलीतली लाकडं बाहेर ओढली आणि त्या उठून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आर्वो दुकानात आला. तो लपला नाही हे मला आजही आठवतं. नेहमीसारखा आला, बसला, आणि हाताने पडद्याकडे चहाची खूण केली. मी चहा दिला नाही.

त्याने पाठीच्या खिशातून नोटा काढून ह्यांच्यासमोर ठेवल्या. "हाशिम इनाम से डबल दिया. ये आधा तेरा. पूरा इनाम जितना. बहन का चूड़ी ले लो."

"और एजन्सी?" ह्यांनी विचारलं.

"अगला साल ले लेंगे. अगला साल मैं नहीं बेचेगा. वादा."

"कसलं अगला साल?" हे मराठीतच बोलायला लागले. "एकदाच होती ती! आर्वो, ती एकदाच होती!"

आर्वोला ते शब्द कळले नसतील, पण आवाज कळला. तो ह्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. मी फटीतून त्याचा चेहरा पाहिला. त्याच्या चेहऱ्यावर चोराची भीती नव्हती. मुलाला खाऊ आणून द्यावा आणि त्याने तो मातीत फेकावा, तेव्हा बापाचा चेहरा होतो, तसा झाला होता. त्याला खरंच वाटलं होतं की त्याने आमचं भलं केलं. नक्की मिळणारे पैसे घेतले, पाटल्यांचे पैसे आणले. सायकलची शर्यत म्हणजे पुन्हा पुढच्या आठवड्यात असतेच. त्याच्या उमेदीच्या सगळ्या वर्षांत ती तशीच असत आली होती.

पण ह्यांनी त्याला सगळं सांगितलं होतं. आणि त्याने हातावर हात मारला होता. त्याचं धोरण मला आज समजतं, तरी माझ्या मनातून तो हात जात नाही.

"ये हराम है," हे हिंदीत म्हणाले. "उठा ले. उठा ले और जा."

"इब्राहिम, धंधा—"

"तेरा धंधा. मेरा दोस्ती था."

तो नोटा उचलून गेला. जाताना पडद्याकडे बघून मान वाकवली नाही.

एजन्सी हाशिमला मिळाली. नव्या चकचकीत सायकली आल्या आणि आमच्या भाड्याच्या सायकली कुणी घेईना. पुढच्या ईदच्या आधी आम्ही दुकान बंद केलं. हे हाशिमकडे नोकरीला लागले. हाशिम वाईट वागला नाही. ह्यांच्या हाताला किंमत आहे हे त्याला माहीत होतं. दुकान सकाळी उघडायचं आणि संध्याकाळी बंद करायचं काम त्याने ह्यांच्यावर सोपवलं, किल्लीही ह्यांच्याकडेच असायची. लोकांना वाटायचं केवढा विश्वास. हे ती किल्ली घरी आणून खुंटीला लावत आणि त्या भिंतीकडे पाठ करून जेवायला बसत.

आर्वो अबू धाबीकडे तेलाच्या कामावर गेला असं ऐकलं. दोन-तीन वर्षं गेली. मधल्या काळात दुबईत तोवर चालणारे रुपये बंद झाले, रियाल आले. बाजारात प्रत्येक जण मोठ्याने हिशेब करायचा, इतके रियाल म्हणजे इतके रुपये, आणि तरी सगळ्यांना फसल्यासारखंच वाटायचं.

एका सकाळी मी दारापुढे पाणी शिंपडत होते. आमचं घर आता गल्लीत होतं. सायकल थांबल्याचा आवाज आला. मी झटकन आत झाले, दार लोटून फट ठेवली. आर्वो होता. आणखी वाळला होता, केस पांढरे. अंगात तोच सदरा. छातीवरचं निळं नाव उन्हाने उडून गेलं होतं, नुसती टाक्यांची भोकं राहिली होती.

"इब्राहिम?"

मी फटीतून हात बाहेर काढून खाडीपलीकडे दाखवला. त्याने हात पाहिला. मनगट अजून रिकामंच होतं.

त्याला कळलं असणार की इब्राहिम कुठे कामाला आहे. त्याने सायकल भिंतीला टेकवली. मग पाठीमागे हात घालून मधल्या खिशातून एक पुडकं काढलं आणि उंबऱ्यावर ठेवलं.

"बहन, ये रेस का पैसा नहीं. वो मैं रखा नहीं. ये मशीन का पैसा, मेरा पगार. सोनार को पूछा, चूड़ी का दाम कितना था. रुपया गिर गया, तो जितना कम पड़ा वो भी डाला." मग त्याने विचारलं, "अब बराबर?"

तोपर्यंत मी त्याच्याशी एक शब्द बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. माझाच आवाज मला परका वाटला.

"पैसा बराबर," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. ऐकलं, आणि समजलंही असं मला वाटलं. मग सायकलवर बसला. गल्लीतून पाणी विकणाऱ्याची गाढवाची गाडी चालली होती, डब्यांनी भरलेली. समुद्रावरून वारा सुटला होता. आर्वोला सहज पुढे जाता आलं असतं. तो गेला नाही. गाडीच्या मागे, डब्यांच्या आडोशाला, हळूहळू चालवत राहिला. वळणापर्यंत मला त्याची पाठ दिसत होती आणि पाठीवरचे मी शिवलेले तीन खिसे, तिन्ही रिकामे.

संध्याकाळी हे आले. मी पुडकं पुढे ठेवलं आणि सांगितलं. ह्यांनी दिव्याजवळ बसून एकेक नोट सुटी केली, बोटाला थुंकी लावून दोनदा मोजली.

"पाटल्यांचे सगळे आले," हे म्हणाले. आणि हाशिमच्या दुकानाची किल्ली खुंटीला लावून हात धुवायला गेले.